फ्लूच्या महासाथीसाठी घराची पूर्वतयारी

फ्लूची महासाथ येण्याआधी, किंवा ती गावाच्या वेशीपर्यंत आलेली असताना, घरानं करून ठेवायची जुळवाजुळव. शिधा, पाणी, औषधं, आजारी माणसाला वेगळी जागा, त्याचं कोण करणार हे आधी ठरवणं, कामावर जाता आलं नाही तर पैशाचं काय, हे सगळं यात येतं. दरवर्षी पावसाळ्यात येणारा ताप-अंगदुखीचा फ्लू यात धरत नाहीत. महासाथ तेव्हा म्हणायची जेव्हा इन्फ्लुएंझा ‘अ’ गटातला असा विषाणू पसरतो की ज्याच्याशी बहुतेक लोकांच्या शरीराची आधी गाठच पडलेली नसते. विसाव्या शतकात अशा तीन झाल्या, १९१८, १९५७ आणि १९६८, आणि एकविसाव्यात आतापर्यंत एक, २००९ ची. १८८९-९० ची साथ जुन्या ग्रंथांत बिनदिक्कत फ्लूचीच म्हणून येते, पण ती कोरोना कुळातल्या विषाणूची असावी असं अलीकडं काही संशोधक म्हणतायत. पुरावा अप्रत्यक्षच आहे, तेव्हा यादीत ठेवली तरी प्रश्नचिन्ह लावून ठेवलेली बरी.

शिधा भरून ठेवा हा सल्ला फ्लूला कधी चिकटला ते बघण्यासारखं आहे. १९१८ च्या सरकारी सूचना मुख्यतः गर्दी टाळा, थुंकू नका, खिडक्या उघड्या ठेवा, पडून राहा अशा वळणाच्या, साठवण त्यात जवळपास नाहीच. ती आली बर्ड फ्लूच्या धास्तीनं. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूनं १८ माणसं आजारी पडली, त्यातली ६ गेली, पुढं २००३ नंतर आशियातल्या कोंबड्यांमध्ये तो परत पसरायला लागला (भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मधला, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा), आणि या सगळ्या गडबडीत अमेरिकन सरकारनं नोव्हेंबर २००५ मध्ये महासाथीचं राष्ट्रीय धोरण काढलं, त्याच्या मागोमाग घरांसाठी यादी काढली, आणि त्या यादीत दोन आठवडे पुरेल इतकं अन्नपाणी घरात ठेवा असं आलं. तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री माइक लेविट २००६ मध्ये लोकांना सांगत होते की टूना माशाचे तीन डबे घेताय तर चौथाही घ्या आणि पलंगाखाली ठेवा, दुधाच्या पावडरचंही तसंच करा. याची बरीच टिंगल झाली, पण आकडा मात्र टिकला आणि नंतर देशोदेशीच्या पत्रकांत, आपल्याकडच्या लेखांत सुद्धा, तोच फिरत राहिला.

आता हे दोनच आठवडे का? याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक अर्थ रोगाच्या अंगानं. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला १ ते ४ दिवस लागतात, माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढं ५ ते ७ दिवस दुसऱ्याला रोग देऊ शकतो, म्हणजे घरात एकामागून एक दोघं पडले की दोन आठवडे सहज जातात. ऐकायला ठीक वाटतं. दुसरा अर्थ नागरी संरक्षणाच्या कागदांतून निघतो. अणुबॉम्बच्या भीतीच्या काळात, १९५९ च्या सुमाराला, अमेरिकेत घरगुती तळघर-निवाऱ्यांसाठी जी पुस्तिका निघाली तिच्यात दोन आठवड्यांचा साठा सांगितलेला होता, आणि त्यामागं किरणोत्साराचा ‘सात-दहाचा नियम’ होता: स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की किरणांचा मारा दहावा हिस्सा उरतो, ७ तासांनी दहावा, ४९ तासांनी शंभरावा, ३४३ तासांनी हजारावा, आणि ३४३ तास म्हणजे चौदा दिवसांना थोडेसे जास्त. पुढं वादळ-भूकंपासाठी तिथल्या आपत्ती यंत्रणेनं आणि रेड क्रॉसनं मिळून काढलेल्या अन्नपाण्याच्या पत्रकातही दोन आठवडेच राहिले. हा दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण फ्लूसाठीच म्हणून फेब्रुवारी २००७ मध्ये जे अमेरिकन मार्गदर्शन निघालं त्यात घरच्यांनी घरात थांबायची मुदत ७ दिवस आणि अतितीव्र साथीत शाळा बंद ठेवायची मुदत १२ आठवड्यांपर्यंत धरलेली आहे, चौदा दिवस यातल्या कशाशीच जुळत नाहीत. शहरात एक लाट साधारण सहा-आठ आठवडे चालते असं धरतात, तिच्याशीही नाही. स्वित्झर्लंडनं २००७ मध्ये माणशी ५० मास्क घेऊन ठेवा असं सांगितलं होतं, तो आकडा निदान फ्लूसाठी म्हणूनच काढलेला.

तरी दोन आठवड्यांचा हिशोब मराठी घराला लावून बघायचा तर चार माणसांना दिवसाला माणशी साडेतीनशे ग्रॅम धान्य धरून वीस किलोच्या आत-बाहेर, डाळ-कडधान्य चार किलो, तेल दोन लिटर. यात नवल काहीच नाही, महिन्याचा किराणा भरणाऱ्या घरात महिन्याच्या पंधरा तारखेलाही इतकं असतं, आणि जिथं अजून एप्रिल-मे मध्ये उन्हाळकामं होतात, गव्हाला कडुलिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेल लावून पत्र्याच्या कोठ्या भरल्या जातात, पापड-कुरडया-सांडगे वाळतात, तिथं तर वर्षाची बेगमी असते. अडचण वेगळीच आहे. कोठीतली ज्वारी गिरणीत जाऊन आल्याशिवाय भाकरी होत नाही, आणि साथीत गिरणीवालाच आजारी असला तर? म्हणून थोडं पीठ घरात हवं, पण बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडू पडतं, ते साठ्याच्या कामाचं नाही. दुसरं असं की घरात तिघं तापानं फणफणलेत आणि चौथीला उभं राहवत नाही अशा वेळी पुरणावरणाचा शिधा असून नसल्यासारखा. तेव्हा लागतात पोहे, मुरमुरे, रवा, मुगाची डाळ, तांदळाची कणी पेजेसाठी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, खारे दाणे. परदेशी याद्यांमध्ये याच्या जागी डबाबंद सूप असतं.

पाण्याचं गणित जरा विचित्र होतं. अमेरिकन यादीतलं माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, चौघांचे चौदा दिवसांचे २१२ लिटर, म्हणजे जवळजवळ आपलं निळं २०० लिटरचं पिंप. फ्लूमध्ये नळाचं पाणी जायचं तसं कारण नाही, पाणी सोडणारे कर्मचारीच मोठ्या संख्येनं आजारी पडले तर म्हणून ही तरतूद. पण भारताच्या बऱ्याच भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि पावसाळ्यात उघडं पिंप भरून ठेवणं म्हणजे डेंग्यूच्या एडिस डासाला घर बांधून देणं. झाकण घट्ट हवं, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं करायचं, आरोग्य खातं ज्याला कोरडा दिवस म्हणतं तो पाळायचा. जिथं एक दिवसाआड पाणी येतं तिथले लोक हे आधीपासूनच करतात, त्यांना शिकवायला नको.

आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा, जमलं तर संडासही वेगळा, हे प्रत्येक सूचनापत्रात असतं. हा सल्ला ज्या घरासाठी लिहिलाय त्या घरात खोल्या आहेत हे गृहीत आहे. मुंबईत १९१८ मध्ये काय झालं हे या मुद्द्यावर सगळ्यात जास्त सांगतं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता, इथपर्यंत एकमत आहे. रोग जहाजावरच्या माणसांनी आणला असं शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांचं म्हणणं, तर जहाजावरच्यांनाच तो मुंबईत लागला अशी सरकारची बाजू. साथ तेव्हा जगभर बंदरांमधूनच सरकत होती, त्यामुळं टर्नर यांच्याकडं कल जातो. पहिली लाट सौम्य, सप्टेंबरपासूनची दुसरी मारक, ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोक तिला मानमोडी म्हणायचे. त्याच वर्षी पाऊस गेला होता, धान्य महाग झालेलं, म्हणजे साठवण करायची वेळ होती तेव्हा साठवायला काही नव्हतं. मुंबईतले हजारी मृत्यूचे आकडे असे: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९ आणि तेव्हाच्या नोंदीत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलंय त्यांच्यात ६१.६. एका खोलीत आठ-दहा माणसं झोपणाऱ्या चाळीत वेगळी खोली कुठून आणणार. देशभरात किती गेले यावर वाद आहे, लोकसंख्येचे अभ्यासक किंग्जली डेव्हिस यांनी १८५ लाख ते दोन कोटी धरले, या साथीचे अभ्यासक मिल्स यांनी १९८६ मध्ये १७० ते १८० लाख, आणि २०१२ मधल्या चंद्रा आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत सुमारे १३९ लाख, हा शेवटचा आकडा जास्त जपून काढलेला वाटतो. भारतात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरातल्या आजाऱ्यांचं करणं त्यांच्याकडं होतं आणि उपासमारीतही त्यांच्या वाट्याला कमी यायचं, ही कारणं सहसा दिली जातात.

म्हणून एका खोलीच्या घरात जे जमतं ते असं: आजाऱ्याचं अंथरूण खिडकीपाशी, बाकीच्यांची डोकी त्याच्या डोक्यापासून लांब, खिडकी उघडी, मास्क आजाऱ्याला आणि करणाऱ्यालाही, आणि करणारं माणूस एकच. ते माणूस ठरवताना गरोदर बाई, म्हातारं माणूस, दमा किंवा मधुमेह असलेलं कोणी नको. घरात असं दुसरं कोणी नसलं तर शेजारी किंवा नात्यातल्या कोणाशी आधीच बोलून ठेवायचं, ताप आल्यावर फोन करत बसण्यापेक्षा. विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साध्या साबणानं फुटतं, खास जंतुनाशकावर पैसे घालवायची गरज नाही.

औषधांमध्ये पॅरासिटामॉल, थर्मामीटर, जमलं तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ओआरएसची पाकिटं (नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ), आणि बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या. ॲस्पिरिन लहान मुलांना फ्लूत देत नाहीत, राय सिंड्रोम नावाचा यकृत-मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो. १९१८ मधले काही मृत्यू तेव्हाच्या ॲस्पिरिनच्या अवाढव्य मात्रांमुळं झाले असावेत असाही एक तर्क २००९ मध्ये मांडला गेला, पण तो सगळीकडं लागू पडत नाही, भारतात खेड्यापाड्यात ॲस्पिरिन पोचलंच कुठं होतं. टॅमीफ्लू म्हणजे ओसेल्टामिविर घरात साठवावं का यावर मात्र बरीच शाई खर्च झालीये. पहिल्या ४८ तासांत घेतलं तर उपयोग. २०१४ मध्ये कॉक्रेन या औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात मोठ्यांमध्ये लक्षणं १६.८ तासांनीच कमी होतात असं आलं आणि सरकारांनी कोट्यवधींचे साठे केले ते कशासाठी असा गदारोळ झाला, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या विश्लेषणात साधारण एक दिवस आला आणि छातीचे उपद्रवही कमी दिसले. दोन्हींची गोळाबेरीज अशी की जोखमीच्या माणसाला डॉक्टरनं दिलं तर घ्यावं. भारतात २००९ मध्ये ते आधी दुकानांत मिळतच नव्हतं, मग सप्टेंबरात परिशिष्ट एक्सखाली, म्हणजे औषध नियमांतल्या सगळ्यात कडक यादीत, मोजक्या दुकानांत आलं, २०१७ पासून ते त्याहून सैल अशा एच१ परिशिष्टात आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काही परिणाम नाही, ते साठवू नये.

कधी घरी थांबायचं आणि कधी निघायचं यासाठी २००९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं केलेली ए, बी, सी वर्गवारी अजून सोपी आहे. साधा ताप-खोकला तो ए, चाचणी नको, घरीच. जास्त ताप-घसादुखी किंवा जोखमीचं माणूस तो बी, घरीच पण गरजेप्रमाणं औषध. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी पडणं, ग्लानी, थुंकीत रक्त, मूल दूध-पाणी घेत नाही, हा सी, लगेच रुग्णालय. ही वर्गवारी आली त्याच सुमाराला पुण्यात उलटं चाललं होतं. भारतातला या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात झाला आणि त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी जी गर्दी उसळली तिच्यात साधी सर्दी झालेले आणि खरोखर फ्लू झालेले खांद्याला खांदा लावून उभे होते. शाळा, मॉल, थिएटरं बंद झाली, मास्क चढ्या भावानं जायला लागले, कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या, निलगिरीचे थेंब टाकलेले रुमाल, गुळवेलीचा काढा घरोघर आला. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींना मात्र नवीन काही घ्यावं लागलं नाही, स्कार्फ होताच.

पैशाची तरतूद बहुतेक याद्यांमध्ये एका ओळीत उरकतात. रोजंदारीवरच्या, घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसाला सात दिवस घरात बसा म्हणजे सात दिवसांची कमाई सोडा, आणि रेशनचं धान्य माणशी महिना ५ किलो (अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो) तेही महिन्याच्या महिन्याला, म्हणजे भरून ठेवायला आगाऊ काही हातात येत नाही. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता जाहीर होऊन मध्यरात्रीपासून २१ दिवसांची टाळेबंदी लागली, ती साथ फ्लूची नव्हती, पण दोन आठवड्यांच्या शिध्याची परीक्षा तिच्यात झाली आणि ज्यांच्याकडं तो नव्हता त्यांनी गावाचा रस्ता धरला.

लसीचं थोडक्यात. हंगामी लसीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. महाराष्ट्रात जोर पावसाळ्यात असल्यानं ती मे-जूनपर्यंत घेतलेली बरी, काश्मीरकडं हिवाळ्याआधी. महासाथीच्या नव्या विषाणूवर तिचा भरवसा धरता येत नाही. २००९ चा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला, ११ जूनला महासाथ जाहीर झाली, आणि भारतात तयार झालेल्या लसी बाजारात आल्या त्या २०१० च्या जून-जुलैमध्ये, १० ऑगस्टला महासाथ संपल्याचं जाहीर होण्याच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी.