तेवीस महिन्यांचा हिशेब : फुटबॉलमधील करचुकवेगिरीची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१ मध्ये गोव्यातल्या कळंगुटला पोर्तुगीज फुटबॉलपटूचा ४१० किलोचा पितळी पुतळा उभा राहिला आणि काळे बावटे निघाले. आक्षेप मुख्यतः राष्ट्रीयत्वाचा होता: मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगालचाच खेळाडू का, गोव्याचा का नको? याच खेळाडूने जानेवारी २०१९ मध्ये माद्रिदच्या न्यायालयात करचुकवेगिरी कबूल केली होती. दंड आणि थकबाकी मिळून १ कोटी ८८ लाख युरो, शिवाय २३ महिन्यांची कैद. तुरुंगात मात्र तो एक दिवसही गेला नाही.

फुटबॉलपटू आणि कर हे भांडण जुने आहे. नेपल्सला खेळून गेलेल्या अर्जेंटिनाच्या दिग्गजाकडे इटलीने व्याजासह सुमारे ३ कोटी ७० लाख युरो मागितले. २००९ मध्ये तर त्याच्या कानातला डूलही जप्त केला. मृत्यूनंतर २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयात निकाल त्याच्या बाजूने लागला.

खरी लाट स्पेनमधली. तिथे २००५ पासून परदेशी खेळाडूंना २४ टक्के सपाट दराची सवलत होती. २०१० मध्ये तिला उत्पन्नाची मर्यादा आली आणि २०१५ मध्ये खेळाडूंपुरती ती बंद झाली. पगारावरचा कर क्लबच कापतो, तिथे लपवायला फारसे काही नसते. लपवाछपवी झाली ती प्रतिमा हक्कांत. जाहिरातीत चेहरा आणि नाव वापरण्याचे हक्क खेळाडू परदेशातल्या कंपनीला देतो, जाहिरातदाराचे पैसे त्या कंपनीत जमतात. अशी कंपनी असणे हा गुन्हा नव्हे. ते उत्पन्न विवरणपत्रात न दाखवणे हा गुन्हा.

बार्सिलोनाच्या अर्जेंटिनी खेळाडूच्या कंपन्या बेलीझ आणि उरुग्वेत होत्या. २००७ ते २००९ चा ४१ लाख युरो कर बुडवल्याबद्दल जुलै २०१६ मध्ये त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली. ‘मी फक्त खेळत होतो, व्यवहार वडील बघायचे’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. पण आकडा बघा. तीन वर्षांचे तीन गुन्हे, प्रत्येकी सात महिने, बेरीज २१. स्पेनमध्ये पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सहसा स्थगित होते. पुढच्या वर्षी कैदेऐवजी दिवसाला ४०० युरो या दराने २ लाख ५२ हजार युरो दंड ठरला. पोर्तुगीज खेळाडूवर सुरुवातीला १ कोटी ४७ लाख युरो बुडवल्याचा आरोप होता, समझोत्यात तो ५७ लाखांवर आला आणि शिक्षा २३ महिन्यांची, म्हणजे चोवीसच्या एक पाऊल अलीकडे. पैसे भरले की शिक्षा कमी, ही कायद्यातलीच तरतूद. ज्याच्याकडे भरायला आहेत त्यालाच ती उपयोगी, हे मात्र कुणी फारसे बोलत नाही.

सगळेच नमले नाहीत. माद्रिदच्या एका स्पॅनिश मध्यरक्षकाने समझोता नाकारून खटला लढवला आणि तो निर्दोष सुटला. म्युनिकच्या क्लबाध्यक्षाचे उलट झाले: २ कोटी ८५ लाख युरोंच्या प्रकरणात त्याला २०१४ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि तो खरोखर तुरुंगात गेला. २०१६ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी पुन्हा अध्यक्षपदी निवडून आला.

जुलै २०२५ मध्ये माद्रिदच्या माजी इटालियन प्रशिक्षकाला २०१४ च्या कराबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. २०१५ च्या आरोपातून तो सुटला, कारण त्या वर्षी तो स्पेनमध्ये पुरेसे दिवस राहिल्याचे सिद्ध झाले नाही.