खनिज तेलावरील माहितीपट

खनिज तेलाचा उपसा, वाहतूक, गळती आणि त्याच्यावाचून अडणारे जगणे यांचा मागोवा घेणारे चित्रपट. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. कोल्हापूरकराची तेलाशी गाठ पडते ती पंपावर. विहीर आणि तिच्या आसपास राहणारी माणसे त्याला दिसतात ती पडद्यावरच.

या चित्रपटांची सुरुवात टीकेने नव्हे, कौतुकाने झाली. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘लुइझियाना स्टोरी’त (१९४८) दलदलीत होडी वल्हवणारा मुलगा आणि तेलविहिरीचा मनोरा यांचे छान जमते. पैसा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा होता. याला माहितीपट म्हणावे की रचलेली गोष्ट, हा वाद जुना आहे. त्याच लुइझियानाच्या किनाऱ्यासमोर २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट झाला. ११ कामगार मेले, तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले. त्यावरचा मार्गारेट ब्राउन यांचा ‘द ग्रेट इनव्हिजिबल’ (२०१४) बचावलेल्या कामगारांच्या आणि मासळीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या घरी जातो. आखाती युद्धात, १९९१ मध्ये, इराकी सैन्याने पेटवलेल्या कुवेतच्या विहिरी वेर्नर हेरझॉग यांनी ‘लेसन्स ऑफ डार्कनेस’मध्ये (१९९२) जवळजवळ निवेदनावाचून दाखवल्या. आग फार देखणी दिसते, अशी तक्रार झाली. ती अगदीच गैर नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण जो बर्लिंजर यांच्या ‘क्रूड’चे (२००९). इक्वेडोरच्या जंगलात टेक्साको कंपनीने १९६४ पासून तेल शोधले, पुढे काढले. दूषित पाणी आणि गाळ उघड्या खड्ड्यांत राहिला. रहिवाशांनी १९९३ मध्ये न्यूयॉर्कला दावा लावला; पुढे तो इक्वेडोरच्या न्यायालयात गेला. २००१ मध्ये टेक्साको शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. चित्रपट रहिवाशांच्या वकिलांबरोबर फिरत राहिला आणि तिथेच अडकला. २०१० मध्ये न्यायालयाने सुमारे ६०० तासांचे न वापरलेले चित्रीकरण कंपनीला द्यायला सांगितले. अपिलात आदेशाची व्याप्ती कमी झाली, तरी हाती आलेले तुकडे वकिलांविरुद्ध पुरावा ठरले. इक्वेडोरच्या न्यायालयाने २०११ मध्ये कंपनीविरुद्ध दिलेला निकाल लबाडीने मिळवला, असे अमेरिकी न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. खड्डे मात्र खोटे नव्हते. माहितीपट पाहताना कॅमेरा कोणाच्या गाडीत बसून आला, हे विचारावे ते यासाठी.

कोल्हापुरात पर्यावरणविषयक चित्रपट दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात दाखवले जातात. खेळ सुटला की बाहेर एकदम दुचाकींना किक बसते. त्यांतली एक प्रस्तुत लेखकाची. नदीचे पाणी उसाला चढवणारी ऑइल इंजिने याच शहराच्या उद्यमनगरात घडली, म्हणजे तेलाशी नाते आजचे नाही. आता ओघ उलटा आहे: साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतले इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. तेलाची आयात त्याने थोडी घटते. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, उरतो. तपकिरी-काळा, उग्र वासाचा. तो प्रक्रियेविना ओढ्यात सुटला की पाण्यातला प्राणवायू संपतो. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला, की शिरोळकडची माणसे ‘मळीमिश्रित पाणी सोडलं’ म्हणतात ते यालाच.