ॲक्रिलिकची बाटली वाळते ती काठावरून

ॲक्रिलिक रंगाची बाटली अर्धी झाली की आतल्या हवेनं रंग वाळतो, म्हणून तो लहान बाटलीत ओतावा, असं सर्रास सांगितलं जातं. तैलरंगांना हे लागू पडतं, कारण जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ॲक्रिलिक सुकतं ते पाणी उडून. ३० अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे बाटलीतल्या ५० मिलिलिटर हवेत दीड मिलिग्रॅम, थेंबाचा जेमतेम तिसावा हिस्सा. तेवढ्यावर हवा संपृक्त होते आणि रंगातलं पाणी घटायचं थांबतं.

पण झाकण घट्ट असेल तरच. आट्यांवर वाळलेल्या रंगाची एक कणी राहिली तरी फट उरते आणि वाफ दिवसरात्र निसटत राहते.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. या रंगात पॉलिमरचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, साधारण ०.१ मायक्रॉनचे कण पाण्यात विखुरलेले असतात. साबणासारखे रेणू त्यांना वेढून एकमेकांना चिकटू देत नाहीत. पाणी घटलं की कण दाटीनं चेपले जातात, गोल आकार जाऊन त्यांना कोन येतात. मग एका कणातल्या लांबलचक रेणुसाखळ्या शेजारच्या कणात शिरून गुंततात. पापुद्रा सलग झाला की कण वेगळे उरतच नाहीत. डिंकात कालवलेला जलरंग पाण्यानं पुन्हा विरघळतो, हा नाही.

म्हणून बाटलीत ब्रश बुडवू नका. रंग स्वच्छ काडीनं पॅलेटवर काढा. काठ आणि आटे ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा, तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावा. साय धरली असेल तर अखंड उचलून टाका. ढवळलीत तर तुकडे कायमचे राहतील. रंग नुसता दाटला असेल, तर १०० मिलिलिटरला ५ मिलिलिटरपर्यंत डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबानं मिसळा. त्याहून जास्त पाण्यानं परिरक्षक, म्हणजे रंग नासू न देणारं रसायन, पातळ होतं, जिवाणू वाढतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर रंग गेला. ‘केमिकल-फ्री’ लेबलला भुलू नका. परिरक्षकाशिवाय असला रंग नासणारच.

फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि रंगाच्या गुठळ्या होतात. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड, ते तळाशी बसतं; बाटलीत स्टेनलेस स्टीलची गोळी टाकून हलवा. साध्या लोखंडाची गंजते आणि पांढरा तांबूस होतो.