ग्रामीण रुग्णांतील पिट्युटरी गाठींचे उपचार

पिट्युटरी म्हणजे पोष ग्रंथी. नाकाच्या सरळ मागे, मेंदूच्या तळाशी, खोगिरासारख्या हाडाच्या खळग्यात ती बसलेली असते. आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क, बीजकोश आणि वृषण या ग्रंथी तिच्याच हुकमाने चालतात. कवटीच्या आत होणाऱ्या गाठींपैकी साधारण १० ते १५ टक्के गाठी या ग्रंथीच्या असतात. त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. गावात मात्र ‘डोक्यात गाठ’ म्हटले की कॅन्सरच समजला जातो आणि काही कुटुंबे त्या धास्तीनेच पुढच्या तपासण्या टाळतात.

दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठींना सूक्ष्म आणि त्याहून मोठ्यांना स्थूल म्हणतात. खेड्यातून आलेला रुग्ण शहरातल्या रुग्णालयात पोचतो तो बहुधा स्थूल गाठ घेऊनच, कारण दुखणे अंगावर काढण्यात वर्षे गेलेली असतात. शिवाय ही लक्षणे आजारासारखी वाटतही नाहीत. जोडवी बोटांत रुतू लागतात, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. रोज पाहणाऱ्या घरच्यांना हा बदल जाणवत नाही. पॅरिसच्या पिअर मारी यांनी १८८६ मध्ये ‘अ‍ॅक्रोमेगली’ असे नाव दिलेला हा विकार जुना फोटो शेजारी ठेवला की चटकन ओळखू येतो. आधारकार्डावरचा फोटोही त्या कामी येतो. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, बनवणाऱ्या गाठीत पाळी थांबते, बाळंतपण नसताना अंगावर दूध येते, मूल राहत नाही. अशा वेळी उपचार सुनेवर वर्षानुवर्षे चालतात. नवऱ्याची तपासणी क्वचितच होते, आणि पुरुषांतही ही गाठ होते हे तर कोणाच्या मनातही येत नाही.

गाठ वर सरकली की दृष्टिचेतांच्या, म्हणजे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांच्या, चौकावर दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर जाते. समोरचे नीट दिसते, म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरात रुग्ण तक्त्यावरची अक्षरे बिनचूक वाचतो आणि नवा चष्मा घेऊन घरी येतो. रस्त्यावर बाजूने आलेली मोटारसायकल मात्र त्याला दिसत नाही. समोरासमोर बसून, एकेक डोळा झाकून, बाजूने बोटे हलवत ‘किती दिसतात’ असे विचारण्याच्या तपासणीला एक पैसाही लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होऊ शकते, पण फारशी होत नाही.

एमआरआयमध्ये गाठ दिसली की लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेणे ही घाई ठरते. आधी रक्तातले प्रोलॅक्टिन मोजायला हवे. या प्रकारच्या गाठी बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटतात. गोळी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायची असते आणि नजर काही दिवसांत सुधारू लागते. चाकू टळतो आणि मुंबईच्या फेऱ्याही. फार मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन इतके जास्त असते की यंत्र फसते आणि आकडा खोटा, कमी दाखवते. म्हणून प्रयोगशाळेला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगावे लागते. थायरॉइडची कमतरता वर्षानुवर्षे तशीच राहिली तरी पिट्युटरी फुगते आणि चित्रात गाठीसारखी दिसते. ती थायरॉक्सिनच्या स्वस्त गोळीने ओसरते. भारतात त्या जागी क्वचित क्षयाची गाठही सापडते. चेहरा चंद्रासारखा गोल झाला असेल, तर गाठ शोधण्यापूर्वी रुग्णाची औषधांची पिशवी उलटी करून पाहावी. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्यानेही चेहरा असाच गोल होतो.

उरलेल्या बहुतेक गाठींवर शस्त्रक्रिया लागते. हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुकला नाकाच्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली; आज दुर्बिणीने नाकपुडीतूनच गाठ काढतात, कवटी उघडावी लागत नाही. पैशांचा प्रश्न महाराष्ट्रात बराच सुटला आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना दाखल रुग्णाचा खर्च उचलते. कागदपत्रांसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. मात्र योजनेचा भर रुग्ण दाखल असेपर्यंतच्या उपचारांवर आहे. पुढच्या गोळ्या, तपासण्या, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी घरावरच पडते.

धोका टाके सुकल्यावरही असतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्याभराने रक्तातले सोडियम एकाएकी घसरू शकते, आणि तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. डोके दुखते, उलट्या होतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे ‘अशक्तपणा’ म्हणून भरपूर पाणी पाजतात आणि सोडियम आणखी उतरते. म्हणून सातव्या दिवसाच्या आसपास तालुक्याला सोडियम तपासायला सांगतात, किंवा तोवर रुग्णाला शहरातच थांबवून घेतात. मुंबईत दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या जागा अशा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देतात. काहींना उलटा त्रास होतो. लघवी आवरत नाही आणि तहान भागत नाही. त्यांना डेस्मोप्रेसिन लागते. त्याचे काही फवारे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, म्हणून वीज बेभरवशाची असेल तिथे गोळ्या बऱ्या.

ग्रंथीचेच काम थांबले असेल तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड जन्मभर घ्यावे लागते. थायरॉक्सिनची गरज असली तरी आधी हे सुरू करतात, नाहीतर रुग्ण कोसळू शकतो. ‘बरे वाटतेय’ म्हणून किंवा उपवासाच्या दिवशी गोळी सोडणे जिवावर बेतते. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन ताबडतोब. ते गावातल्या डॉक्टरकडे असतेच असे नाही, म्हणून एक कुपी घरी ठेवायला देतात आणि सोबत मराठीत लिहिलेली चिठ्ठी: ‘या रुग्णाला स्टेरॉइड थांबवू नये.’