टेरेस गल्ली (उत्तर इंग्लंड)

टेरेस गल्ली : एकमेकांना चिकटून बांधलेल्या दुमजली घरांच्या समोरासमोरच्या दोन रांगा, मधला दगडी रस्ता आणि घरांच्या मागून जाणारा अरुंद बोळ मिळून झालेली कामगार वस्ती. मँचेस्टर, सॅलफर्ड, ओल्डहॅम, बर्नली, लीड्स, ब्रॅडफर्ड या गिरणीच्या शहरांत अशा गल्ल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकड्यांनी उठल्या. ब्रिटनमधली वयस्क माणसे ‘आमची जुनी गल्ली’ म्हणून जे सांगतात, त्यातले बरेचसे इथलेच असते : घासलेली पायरी, सोमवारचे धुणे, रस्त्यातली खेळणारी पोरे. त्या आठवणींतला शेजार खरा होता, पण तो जमला घरातल्या उणिवांमुळे. घरात नहाणी नाही, गरम पाण्याचा नळ नाही आणि जागा तर नाहीच. त्यामुळे निम्मा संसार उंबऱ्याबाहेर चालायचा.

या गल्लीचा आकार कायद्याने ठरवला. त्याआधीची घरे पाठीला पाठ लावून बांधलेली असत. तीन बाजूंना शेजाऱ्याची भिंत आणि दार-खिडक्या एकाच अंगाला, म्हणजे वारा आरपार जायला वाटच नाही. मँचेस्टरने अशी नवी घरे १८४४ च्या स्थानिक कायद्याने जवळपास बंद केली. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर १८७७ मध्ये नमुना उपनियम आले : नवा वाहता रस्ता किमान ३६ फूट रुंद आणि प्रत्येक घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा. आज एकसुरी वाटणाऱ्या रांगा म्हणजे या आकड्यांचीच अंमलबजावणी आहे, कारण बांधकाम ठेकेदार किमान मर्यादेपेक्षा इंचभरही जास्त सोडत नसे. पाठीला पाठ लावलेल्या घरांवर देशभर बंदी १९०९ साली आली. लीड्सने मात्र आधीच मंजूर झालेल्या नकाशांचा आधार घेऊन ती १९३७ पर्यंत बांधली, आणि तिथे हजारो घरांत आजही लोक राहतात. बर्मिंगहॅमच्या हर्स्ट स्ट्रीटवरचा अशा घरांचा एक चौक नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपला असून २००४ पासून तो पाहता येतो.

उपनियमांनुसार बांधलेले सर्वसाधारण घर खाली दोन आणि वर दोन खोल्यांचे. पुढची खोली थेट पदपथावर उघडे. ती पाहुणे, लग्न आणि अंत्यविधी यांसाठी राखलेली असे. रोजचे राहणे मागच्या खोलीत, कोळशाच्या चुलीपाशी. त्यामागे मोरीवजा धुण्याची खोली, मग फरशीचे छोटे आवार, आवाराच्या टोकाला संडास आणि कोळशाची खोली. मागच्या बोळाला लीड्स-मँचेस्टरकडे ‘जिनेल’, लिव्हरपूलला ‘जिगर’, हलला ‘टेनफूट’ म्हणत. बोळ ठेवायचे मुख्य कारण मैला आणि राख : ती घरातून न नेता मागच्या मागे उचलता यावी.

बर्नलीच्या परिसरात पाण्याची टंचाई आणि काटकसर यांतून एक वेगळाच संडास निघाला. मोरीचे सांडपाणी जमिनीखालच्या मातीच्या खोलगट भांड्यात साठत जाई. भांडे भरले की तोल जाऊन आपोआप उलटे आणि खालची नळी धुऊन काढी. वेगळे पाणी लागत नसे, पण घरात भांडी-धुणे झाले नाही तर तुंबे, आणि भांडे कधी उलटेल याचा नेम नसल्याने लहान मुले त्या आवाजाला घाबरत. पाण्याच्या टाकीच्या संडासाचा शत्रू म्हणजे हिवाळा. नळी गोठून फुटू नये म्हणून रात्री तिथे रॉकेलचा छोटा दिवा जळत ठेवत. १९५१ च्या जनगणनेतही ब्रिटनमधल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कुटुंबांकडे बसवलेली नहाणी नव्हती. जस्ताचा टब भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असे आणि आठवड्यातून एकदा चुलीपुढे मांडला जाई.

धुण्याचा वार सोमवार. रविवारी रात्री पांढरे कपडे भिजत घालायचे, पहाटे मोरीच्या कोपऱ्यात विटांत बसवलेल्या तांब्याच्या हंड्याखाली जाळ करायचा. मळके गळे आणि बाह्या फळीवर घासून कपडे पन्हाळी जस्ताच्या पिंपात टाकत आणि खाली छोटे पाय असलेल्या लाकडी दांड्याने किंवा तांब्याच्या घंटेसारख्या दट्ट्याने कुटत. त्यानंतर पांढरे उकळायचे आणि दोनदा खळबळायचे. शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवत. ती पाण्यात तशीच पडू दिली किंवा नीट ढवळले नाही, तर चादरीवर निळे डाग उठत आणि सगळे पुन्हा उकळावे लागे. (हल शहरातल्या ज्या रेकिट कंपनीची नीळ इथे चाले, तिचीच रॉबिन नीळ पुढे मराठी घरांत पोचली.) मग लाकडी रुळांच्या चरकातून पिळायचे. बटणे आत दुमडून घातली नाहीत तर ती रुळांखाली फुटत. चरक फिरवणारे पोर आणि कपडा सरकवणारी आई यांचा मेळ चुकला की बोटे सापडत.

दोऱ्या बोळात एका आवारापासून समोरच्या आवारापर्यंत बांधलेल्या असत. बोळ सगळ्यांचा, म्हणून दोरी कोणी कुठे बांधायची याचे अलिखित नियम होते आणि भांडणेही तिथूनच सुरू होत. धुण्याच्या दिवशी कोळशाची गाडी आत आली की हाकाटी व्हायची. बायका धावत येऊन काठ्यांनी दोऱ्या उंच धरत आणि एकशे बारा पौंडांची पोती खांद्यावर घेतलेला माणूस ओल्या चादरींखालून जाई. वारा गिरणीच्या धुराड्याकडून आला तर काजळीचे कण पडून सकाळची मेहनत वाया. पाऊस असला की सगळे धुणे छताला कप्पीने ओढलेल्या दांड्यांवर, आणि घर दोन दिवस दमट. स्वयंपाकाला वेळ नसल्याने सोमवारी रविवारचेच थंड मांस ताटात येई.

पायरीला चोळायचा दगड, ‘डाँकी स्टोन’, हा गिरणीतून घरात आला. तेलकट दगडी जिन्यांवर पाय घसरू नये म्हणून तो तिथे वापरत. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच पावडर पाण्यात कालवून वड्या पाडायच्या आणि वाळवायच्या, अशी त्याची कृती. मँचेस्टरच्या एका कारखान्याच्या वडीवर गाढवाचा छाप होता, त्यावरून हे नाव रुळले. भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात एखादी वडी देई. पायरी आधी पाण्याने घासायची, ओलसर असतानाच कडेला वडी चोळायची आणि ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसायची. पाणी जास्त झाले तर वाळल्यावर ओघळ दिसतात, कमी पडले तर भुकटी बुटाला लागून घरभर जाते. आपल्याकडच्या सडा-रांगोळीसारखेच, हे न केलेल्या घराबद्दल गल्ली बोलत असे. अॅश्टन-अंडर-लाइनचा इलाय व्हॅली हा अखेरच्या काळातला कारखाना १९७९ मध्ये बंद झाला.

रस्त्याचे दगड हा आठवणींतला हमखास घोटाळा आहे. लोक त्यांना गोटे म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी ते घडीव ठोकळे असत : घोड्याच्या नालाला सांध्यांत पकड मिळावी म्हणून लहान आकाराचे, आणि सांधे डांबराने भरलेले. उन्हाळ्यात ते डांबर फुगे, पोरे काडीने उकरत आणि हातांना लागलेले लोण्याने किंवा चरबीने काढावे लागे. ५ नोव्हेंबरची (गाय फॉक्स रात्रीची) होळी गल्लीच्या मधोमध पेटवता येई, कारण दगड टिकायचा. पुढे डांबरी रस्ते झाल्यावर तेच केले की रस्ता वितळे. लाकडी तळव्याच्या बुटांना खाली लोखंडी पट्टी असे, ती दगडावर घासून ठिणग्या काढणे हा मुलांचा आवडता उद्योग. पहाटे गिरणीच्या भोंग्याआधी लांब काठीच्या टोकाच्या तारेने माडीच्या काचेवर टकटक करणारा माणूस आठवड्याला काही पेनी घेई.

या जगाला मुंबईचा धागा आहे. गिरणगावातल्या अनेक गिरण्यांची यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती, आणि मुंबईचे सूत-कापड व बहिष्कार यांचा फटका याच गल्ल्यांना बसला. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी लँकशरमधल्या डार्वेनला जाऊन बेकार कामगारांना भेटले, ते त्या पार्श्वभूमीवर. गिरण्या आटत गेल्या तशी घरे स्वस्त झाली आणि १९५०–६० च्या दशकांत पंजाबी, मीरपुरी, गुजराती कुटुंबांनी ती घेतली.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीस वर्षांत देशभर दहा लाखांहून अधिक घरे पाडली गेली. शेफील्डच्या पार्क हिलमध्ये (१९६१) शेजाऱ्यांना शेजारीच ठेवण्याचा प्रयत्न झाला, मजल्यांवरच्या रुंद सज्ज्यांना जुन्या गल्ल्यांची नावे दिली, दुधाची गाडीही त्यावरून फिरे. मँचेस्टरच्या ह्यूममध्ये १९७२ साली उभ्या राहिलेल्या अर्धवर्तुळाकार इमारतींचे मात्र वाटोळे झाले. पाणी गळत असे आणि १९७३ च्या तेल दरवाढीनंतर जमिनीखालून येणारी उष्णता भाडेकरूंना परवडेना. १९९० च्या दशकात त्याही पाडल्या. जुन्या गल्लीवर प्रेम दाटून आले ते बव्हंशी अशा घरांत राहिल्यानंतर. ढेकूण, ओल आणि क्षय विसरले गेले, नव्या सज्ज्यावर न भेटणारा जुना शेजारी तेवढा आठवत राहिला.

जुन्या गल्लीचे छायाचित्र हाती आले तर साल काढायच्या खुणा ठरलेल्या आहेत. दिव्याच्या खांबांवर आणि पदपथाच्या कडांना पांढरे पट्टे असतील तर दुसऱ्या महायुद्धातला ब्लॅकआउट (रात्रीची दिवेबंदी) किंवा त्यानंतरची काही वर्षे. छपरावर एच आकाराचा अँटेना दिसला तर चित्र बहुधा १९५१ नंतरचे, कारण उत्तरेत होम मॉस केंद्राचे टीव्ही प्रक्षेपण त्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. शेजारी अनेक आडव्या काड्यांचा छोटा अँटेना असेल तर १९५६ नंतरचे, म्हणजे तिथे आयटीव्ही ही खासगी वाहिनी आल्यावरचे. मोटारीच्या नंबरपाटीच्या शेवटी सालाचे अक्षर १९६३ पासून येते. दुकानाच्या काचेवर शिलिंगमध्ये भाव लिहिलेला असेल तर बहुधा १५ फेब्रुवारी १९७१ आधीचे, कारण त्या दिवशी दशमान चलन आले. काळ्या भिंतींवर भिस्त ठेवू नये : १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतरही काजळी कित्येक वर्षे दगडाला चिकटून राहिली.