सामान ठेवण्याचे गाळे भाड्याने देताय? गोव्यात लागणारे दाखले, पात्रता आणि अग्निसुरक्षा

मे महिना संपत आला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे वाळूवरची हंगामी खानावळी, मोडायला घेतात. ३१ मे ही हंगामाची अखेर. मग लाकडी पलंग, फ्रीज, खुर्च्या, शेगड्या हे सगळं पावसाळाभर कुठेतरी कोरडं राहायला हवं. त्याच सुमारास लंडनला किंवा दुबईला निघालेला कोणीतरी फ्लॅट रिकामा करून ‘सामान कुठे टाकू?’ म्हणून विचारत असतो. म्हापसा, पर्वरी, वेर्णा या भागांत ज्यांची जुनी शेड पडून आहे, त्यांना मग हा धंदा सुचतो: शेडमध्ये पत्र्याचे छोटे गाळे पाडायचे, कुलूप ग्राहकाचं, भाडं आपलं.

‘सेल्फ स्टोरेज’ नावाचा वेगळा परवाना मागायला गेलात तर कोणी देणार नाही. खात्यांच्या लेखी हे गोदामच. केंद्राच्या २००७ च्या गोदाम कायद्याखालची नोंदणीही इथे लागत नाही. ती विक्रीयोग्य गोदाम पावत्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावे करता येणाऱ्या मालाच्या पावत्या, देणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही मालाची पावती देत नाही, फक्त जागा देता.

जागा पात्र आहे का, हे आधी

बहुतेक जण इथेच उलटं करतात. आधी जागेचा करार, मग पत्रे, मग पंचायतीत फेरी. त्याऐवजी पहिल्या दिवशी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा (शहरात असाल तर त्याच कामाचा फॉर्म डी) आणि सगळे रकाने वाचा. भोगवटादाराच्या रकान्यात चार भावंडांची नावं असतील तर एकट्याच्या सहीने काम भागणार नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, म्हणून त्या भावंडांच्या जोडीदारांच्या सह्याही घेऊन ठेवाव्यात. कुळाच्या रकान्यात नाव दिसलं तर तिथेच थांबा. कुळाच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर गोवा भूवापर नियमन कायदा, १९९१ ने रोखलेला आहे.

जमीन शेतीची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३२ खालची रूपांतराची सनद लागते. सनद निवासी वापराची आणि धंदा गोदामाचा, असं असेल तरीही अडतं. इमारतीच्या भोगवटा दाखल्यावर कोणता वापर लिहिला आहे, तेही पाहा. घराचा तळमजला गोदाम म्हणून वापरायचा तर वापरबदलाची मंजुरी आधी. समुद्राजवळ किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदीकाठी जागा असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा विषय येतो. शॅकवाल्यांना जवळ पडावं म्हणून किनाऱ्यालगत शेड घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. औद्योगिक वसाहतीत प्लॉट असेल तर आधी औद्योगिक विकास महामंडळाला विचारा: मंजूर उद्योग एक आणि प्रत्यक्ष वापर दुसरा, हे तिथे चालत नाही.

अग्निशमन खात्याचा ना हरकत दाखला

अर्ज अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाकडे जातो. मुख्यालय पणजीत सांतिनेजला आहे, पण अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. त्यासाठी पुढचे कागद हाताशी ठेवा: मालकीचा कागद किंवा भाडेकरार, एक-चौदा, बांधकाम परवाना, भोगवटा दाखला, नगरनियोजन खात्याची मंजुरी, जागेचा नकाशा, आणि आत बसवलेल्या अग्निशमन साधनांची यादी व बिलं.

नकाशा मात्र गाळे पाडल्यानंतरचा हवा. जुन्या मंजूर नकाशात शेड म्हणजे एक मोकळी खोली दिसते. तुम्ही तिथे तीस गाळे आणि तीन बोळ उभे केलेले असता. बाहेर पडायची वाट तिथेच बदलते. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये गोदामं ‘एच’ गटात येतात आणि धोकादायक मालाच्या इमारती ‘जे’ गटात. तुमचा अर्ज ‘एच’साठी. आत ‘जे’चा माल सापडला तर दाखला आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही, हे पुढे आगीच्या विम्याच्या वेळीही नडतं.

तपासणीला अधिकारी आले की काय बघतात? टोकाच्या गाळ्यातला माणूस धुरात चाचपडत दारापर्यंत पोचेल का, हे. म्हणून बोळात एकही खोकं नको. बाहेर पडण्याचं एकच दार आणि तेही गुंडाळीचं शटर, ही गोव्यातल्या शेडांची नेहमीची कहाणी; वीज गेली किंवा शटर अडकलं तर आतला माणूस आतच. दुसरं दार काढा, बाहेर उघडणारं. अग्निशामक नळकांडं कुठूनही १५ मीटरच्या आत सापडावं. गाळ्यांची पार्टिशनं पत्र्याची किंवा जिप्समची असावीत, प्लायवूडची नकोत. स्प्रिंकलर असतील तर माल आणि त्यांच्यात निदान अर्धा मीटर मोकळी जागा. गाळ्यांच्या आत वीज देऊच नका. दिवे बोळात पुरेत. ग्राहक प्लग मागतात, फ्रीज चालू ठेवायचा असतो. नाही म्हणायचं.

हडफडे इथल्या नाइट क्लबला डिसेंबर २०२५ मध्ये आग लागली आणि २५ माणसं गेली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याच्या आगीने आजूबाजूचं गाव धुराने भरलं होतं. त्यानंतरही ‘बघून घेऊ, दाखला मिळेल’ म्हणणारे भेटतात, याचं मला नवल वाटतं.

तपासणीत त्रुटी निघाल्या तर त्या लेखी मिळवा, दुरुस्त करा, फोटोंसह कळवा. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज टाका.

बाकीचे दाखले

गावात पंचायतीचा, शहरात पालिकेचा व्यापार परवाना. पंचायतीत तुमचा अर्ज मंडळाच्या बैठकीपुढे जातो, त्यामुळे अपुऱ्या कागदांनी बैठक हुकली तर पुढच्या बैठकीपर्यंत हात चोळत बसायचं. घरपट्टीची थकबाकी आधी भरा. आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला मागतील, तोही तयार ठेवा. कामाला माणसं ठेवत असाल तर दुकाने व आस्थापने कायदा, १९७३ खाली कामगार निरीक्षकाकडे नोंदणी. कामगार आयुक्तांचं कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, मोफत. कोणी पैसे मागितले तर तो एजंट आहे असं समजा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, आणि भाड्यावर १८ टक्के.

तुम्ही लिहायचा कागद

खातं तपासतं ती रिकामी शेड. कुलूप लागल्यावर आत काय येतं, हे कुठल्याच दाखल्यात नसतं. म्हणून ग्राहकाशी होणारा करार हाच खरा सुरक्षेचा कागद, आणि लोक तोच नेटवरून उतरवून घेतात. त्यात नावं घेऊन लिहा: गॅसचे सिलिंडर रिकामे असले तरी नाहीत. पेट्रोल, रॉकेल, थिनर, रंगाचे डबे नाहीत. चतुर्थी-दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांची खोकी येतात; त्यांना स्फोटक नियम, २००८ खाली वेगळा परवाना लागतो, तेव्हा अजिबात नाहीत. भाड्याच्या स्कूटर ठेवायला देणाऱ्यांनी टाकी रिकामी करून आणावी. विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून घरी न्यावी; लिथियमची बॅटरी पेटली की नळकांड्यातल्या पावडरने दबल्यासारखी होते आणि पुन्हा भडकते. खाण्याचे पदार्थ नकोत, त्यांनी उंदीर येतात, आणि उंदरांमागून पावसात लेप्टोस्पायरोसिस. संशय आला तर पंचासमोर गाळा उघडण्याचा अधिकार करारात राखून ठेवा आणि त्याची पद्धत लिहा, नाहीतर उद्या चोरीचा आळ यायचा.

पावसाळ्यात जमिनीवर थेट काही ठेवू देऊ नका, फळ्यांचे पॅलेट द्या. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला दुपारी कपाट उचलणाऱ्या कामगाराला उष्माघात होऊ शकतो. जड उचलाउचल सकाळी ठेवा, ढकलगाडी द्या. संध्याकाळी टाळं लावण्याआधी प्रत्येक बोळात हाक मारून एक फेरी, कारण गाळ्यात अल्बम चाळत बसलेला ग्राहक आत अडकल्याचं ऐकिवात आहे.

आणि एक वही: गाळा क्रमांक, नाव, फोन, सामान कसलं. तिची एक प्रत फाटकाजवळच्या पेटीत ठेवा. १०१ वर फोन केल्यावर बंब येतो तेव्हा जवान पहिलं विचारतात ते आत काय आहे, आणि तुमची वही तेव्हा आतल्या ऑफिसात जळत असते.