क्रिप्टोखरेदीवर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे का?
नौपाड्यातल्या बँकेच्या रांगेत असो वा वाशी लोकलमध्ये, पहिल्यांदा क्रिप्टो (बिटकॉइनसारखे आभासी चलन) घेऊ पाहणाऱ्याला ‘रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, खाते गोठवतील’ असे आजही हमखास ऐकवले जाते. या समजाचे मूळ असलेले परिपत्रक ६ एप्रिल २०१८ रोजी निघाले. मात्र त्यातही खरेदी हा गुन्हा ठरवलेला नव्हता, बँकांनी अशा व्यवहारांना सेवा देऊ नये एवढेच म्हटले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तेही रद्द ठरवले. तरीही काही बँका त्याचाच दाखला देत राहिल्या, तेव्हा ३१ मे २०२१ रोजी खुद्द रिझर्व्ह बँकेला ते आता लागू नसल्याचे कळवावे लागले.

खाते गोठू शकते ते वेगळ्या कारणाने: अनोळखी व्यक्तीला परस्पर क्रिप्टो विकून मिळालेली रक्कम फसवणुकीची निघाली, तर पोलिसांच्या सूचनेवरून.

बंदी नाही म्हणजे सरकारमान्य चलन, हा दलालांच्या सोयीचा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. उलट त्यावरचे करनियम कडक आहेत: नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका क्रिप्टो नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि लाखाची विक्री तोट्यात केली तरी हजार रुपये टीडीएस (रक्कम हाती येण्याआधीच वळता होणारा कर) कापला जातो.